घरकुलाची यादी चॅटजीपीटीत टाकली, याला राज्य सरकारचा काही नियम आहे का?

खिडकी_नंबर_दोन

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी एका पंचायत समितीत कंत्राटी डाटा एन्ट्री ऑपरेटर आहे, एजन्सीमार्फत. गावाचं नाव सांगत नाही, कारण उद्या परत त्याच खुर्चीवर बसायचंय.

झालं असं की घरकुलाच्या जुन्या लाभार्थ्यांची एक यादी जिल्हा परिषदेला संध्याकाळपर्यंत पाठवायची होती आणि ती युनिकोडमध्येच पाहिजे म्हणाले. आमच्याकडची फाइल कुठल्या तरी काळातली, आयएसएममध्ये, म्हणजे जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेली, सुरेख फॉन्ट काढला की सगळं इंग्रजी अक्षरांचं भजं दिसतं. चारशेच्या वर नावं. मी हातानं टाइप करायला घेतली, साठेक झाली आणि साहेब आले. म्हणाले कशाला मरतेस, चॅटजीपीटीत टाक, दोन मिनिटांत होतं, मी रोज पत्रं त्यातच करतो. मी माझ्याच जीमेलवरून लॉगिन केलं आणि अख्खी शीट कॉपी करून टाकली. अख्खी म्हणजे नाव, गाव, मोबाइल, आधार नंबर, बँक खातं, आयएफएससी सगळे कॉलम. खरंच दोन मिनिटांत झालं. साहेब खूश, यादी गेली.

रात्री ग्रुपवर सायबर सुरक्षेचा मेसेज आला की आधार कुठल्याही ॲपवर टाकू नका, तेव्हापासून पोटात गोळा आलाय. सरकार रोज एआय एआय करतंय, मग माझ्यासारख्या खिडकीवर बसणाऱ्याने काय टाकायचं आणि काय नाही याचा काही जीआर, धोरण, काहीतरी असेल ना? आणि उद्या काही बाहेर आलं तर कोणाच्या गळ्यात? साहेब तोंडी बोलले होते, लॉगिन माझं आहे.

सर्व्हरवाला_कोथरूड

भाऊ, आधी श्वास घे. तू एकटा नाहीयेस, २०२३ मध्ये सॅमसंगच्या इंजिनिअर लोकांनी कंपनीचा सोर्स कोड असाच चॅटजीपीटीत टाकला होता, नंतर कंपनीने बंदी घातली. तिथे पगार किती आणि आपला किती.

आता मुद्द्याचं. ताबडतोब दोन गोष्टी कर. एक, ते चॅट डिलीट कर. दोन, सेटिंग्जमध्ये डाटा कंट्रोल्समध्ये जाऊन मॉडेल सुधारण्यासाठी माझं चॅट वापरा असं जे बटण असतं ते बंद कर, फुकटच्या अकाउंटला ते मुळात चालूच असतं. डिलीट केलेलं चॅट ३० दिवसांत सर्व्हरवरून काढतो असं कंपनी सांगते, पण ते ब्रह्मवाक्य समजू नकोस, २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका कॉपीराइट खटल्यात कोर्टाने डिलीट केलेली चॅट्स पण जपून ठेवा असा आदेश काढला होता आणि तो काही महिने चालला. म्हणजे आपल्या तालुक्यातल्या लाभार्थ्याचा खाते नंबर किती दिवस कुठे राहणार हे परदेशातलं एखादं कोर्ट ठरवू शकतं, तालुक्याच्या साहेबाला त्यात काडीचं मत नाही. धोरण वगैरे जे म्हणतात ना त्याचा खरा विषय हा आहे.

नियमाचं म्हणशील तर केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने २९ जानेवारी २०२५ ला परिपत्रक काढलं की ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आणि मोबाइलवर चॅटजीपीटी, डीपसीक असली साधनं वापरू नका, सरकारी माहितीच्या गोपनीयतेला धोका आहे. पण ते त्या मंत्रालयाच्या लोकांपुरतं, पंचायत समितीला ते थेट लागत नाही. लागतं ते सर्ट-इनचं, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचं, २८ एप्रिल २०२२ चे निर्देश. त्यात सरकारी संस्था पण येतात, सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आणि लॉग, म्हणजे सिस्टिमवर कोणी कधी काय केलं याच्या नोंदी, १८० दिवस सांभाळायचे. घटनांच्या यादीत डाटा लीक आहे आणि एआय व मशीन लर्निंगच्या सिस्टिमवरचे हल्ले असा वेगळा मुद्दा पण आहे, म्हणजे चॅटजीपीटी बाजारात यायच्या आधीच लिहून ठेवलंय. स्वतःच्या हाताने पेस्ट केलं ही घटना धरायची की नाही यावर आमच्या ऑफिसात दोन तास भांडण होईल, पण तू ठरवायचं नाहीस, तू वर कळवायचंस.

आणि एक विचारतो, त्या रूपांतर झालेल्या यादीतली नावं तपासली का? मूळ कागदाशी लावून?

बर्डीचा_बंटी

धोरण कशाले पाहिजे भाऊ, आमच्या नागपुरात मार्व्हल आहे नं. २०२४ मध्ये राज्य सरकारने पोलिसांसाठी एआयची स्वतंत्र कंपनीच काढली. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रोसॉफ्टचे सत्या नाडेला मुंबईत येऊन महाक्राइमओएसचं, पोलिसांना तपासात मदत करणाऱ्या एआयचं सांगून गेले, आधी नागपूरच्या २३ ठाण्यांत चालवून पाहिलं, आता राज्यातल्या ११०० ठाण्यांत नेणार म्हणतात. तिकडे महापेला महाराष्ट्र सायबरचा ८३७ कोटींचा प्रकल्प उभा आहे. शेतीचं महाॲग्री-एआय धोरण आहे, ५०० कोटी. एवढं सारं होऊन राह्यलं आणि तुम्ही एका एक्सेल शीटसाठी रडून राह्यले.

सर्व्हरवाला_कोथरूड

बंटी, तू सांगितलेलं सगळं खरंय आणि त्यातलं एकही मूळ प्रश्नाचं उत्तर नाहीये. तू सांगतोयस ते एआय वापरून चोर पकडायचं धोरण. विचारलंय ते सरकारी माणूस एआय वापरतो तेव्हा लोकांची माहिती कशी सांभाळायची याचं. हे म्हणजे घरात चोर येऊ नये म्हणून गल्लीच्या तोंडाला कॅमेरा लावला आणि मागचं दार उघडं ठेवून झोपलो.

उलट महाक्राइमओएसचंच उदाहरण घे ना. ते पण मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर क्लाउडवरच चालतं, मॉडेल तसलंच. मग पोलिसांनी एफआयआर टाकली तर चालते आणि ऑपरेटरने यादी टाकली तर का नाही? कारण मॉडेल हुशार की बावळट याच्याशी सुरक्षेचा संबंध कमी असतो. तिथे करार असतो, कोणी कधी काय टाकलं याची नोंद असते, डाटा ट्रेनिंगला वापरायचा नाही असं लिहून घेता येतं, काही झालं तर कॉलर धरायला समोर कोणी तरी असतं. फुकटच्या जीमेल अकाउंटवर यातलं काहीच नसतं, तिथे आय ॲग्री दाबणारी व्यक्ती म्हणजे एक कंत्राटी ऑपरेटर, संपलं. मला विचाराल तर राज्याच्या एआय सुरक्षा धोरणाचं पहिलं पान इथून सुरू व्हायला पाहिजे, की तालुक्याच्या माणसाला नोंद होणारं, करारातलं एक साधन द्या आणि मग बाकीची बंद करा. नुसती बंदी घातली तर लोक ऑफिसच्या कॉम्प्युटरवर करणार नाहीत, खिशातल्या मोबाइलवर करतील, आणि ते तर कुठल्याच लॉगमध्ये दिसत नाही.

अव्वल_कारकून_निवृत्त

मुली, (वरच्या मंडळींनी तुला भाऊ करून टाकलंय, पहिल्या ओळीत लिहितेय असं स्वच्छ लिहिलेलं असताना, असो.)

चौतीस वर्षं महसुलात काढली, कॉम्प्युटर शेवटच्या दहा वर्षांत आला, म्हणून एआयचं मला विचारू नकोस, कागदाचं विचार. सामान्य प्रशासन विभागाचा २८ जुलै २०२५ चा शासन निर्णय आहे, सरकारी कर्मचाऱ्यांनी समाजमाध्यमं कशी वापरायची याचा. शासनाच्या वेबसाइटवर मराठीत आहे, छापून घे. गोपनीय दस्तऐवज, शासकीय कागदपत्रं पूर्ण किंवा अंशतः पूर्वपरवानगीशिवाय अपलोड किंवा फॉरवर्ड करायची नाहीत असं त्यात आहे आणि करार पद्धतीने, बाह्यस्रोताने नेमलेले पण त्यात घेतलेत. आता चॅटजीपीटी हे समाजमाध्यम का, असा कीस वकील पाडतील. चौकशी अधिकारी पाडत नाही. तो अपलोड हा शब्द वाचतो आणि तुझ्याकडे बघतो.

त्यामुळे उद्या सकाळी पहिलं काम, टिप्पणी लिही. अर्धं पान पुरे. अमुक तारखेला अमुक यादीचे युनिकोड रूपांतर तातडीने करण्याबाबत मिळालेल्या सूचनेनुसार खालील साधन वापरण्यात आले, त्यात पुढील स्तंभ समाविष्ट होते, सदर नोंद हटविण्यात आली आहे, यापुढे अशा कामी कोणते साधन वापरावे याबाबत मार्गदर्शन व्हावे. साहेबांचं नाव घालून आरोप करायचा नाही, मार्गदर्शन मागायचं. मार्गदर्शन मागितलेल्या माणसाला सरकारात कोणी हात लावत नाही, कारण मग ते द्यावं लागतं. आवक-जावकला नंबर टाक आणि पोच स्वतःकडे ठेव. साहेब म्हणतील कशाला कागद करतेस, तेव्हा हसायचं आणि फाइल पुढे सरकवायची.

खिडकी_नंबर_दोन

काका मनापासून धन्यवाद, डोळ्यात पाणी आलं. कोथरूडवाले दादा तुमचे पण, भाऊ म्हणालात तरी.

चॅट डिलीट केलं, ते बटण पण बंद केलं. नावं नाही तपासली अजून, वेळच नव्हता, दिसायला तर एकदम बरोबर दिसत होती. एक शंका, आमची एजन्सी म्हणते काही झालं तर ऑपरेटर जबाबदार असं करारात आहे, असं असतं का?

फ्लॅट_नं_४०२_बेंगळुरू

मी मूळची सांगलीची, वकील आहे, कंपन्यांची डाटा प्रायव्हसीची कामं करते, म्हणून या शेवटच्या प्रश्नात नाक खुपसते.

आयटी कायद्याच्या कलम ४३ए मध्ये संवेदनशील माहिती निष्काळजीपणे हाताळली तर नुकसानभरपाई आहे, पण ती बॉडी कॉर्पोरेटला, म्हणजे कंपनी, फर्म वगैरे. सरकारी कार्यालय त्या व्याख्येत बसत नाही. तुमची एजन्सी बसते. म्हणजे गंमत बघा, यादी सरकारची, हुकूम सरकारी साहेबाचा, आणि कायद्याचं बोट येऊन थांबतं मधल्या एजन्सीवर, म्हणून एजन्सी आधीच करारात लिहून घेते की ऑपरेटर जबाबदार. एजन्सी घाबरलीय म्हणून ते वाक्य आहे. तुम्ही घाबरायचं कमी करा. कलम ७२ए मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद आहे, पण तिथे करारातून मिळालेली माहिती गैरमार्गाने नुकसान किंवा फायदा व्हावा या हेतूने, किंवा तसं होईल हे माहीत असून उघड केली, असं दाखवावं लागतं. फॉन्ट बदलायला टाकलेल्या यादीत तसा हेतू कोणी काढू शकेल असं मला वाटत नाही.

पुढचं चित्र बदलतंय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू होतात. त्यात माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो तो जबाबदार, अनुदान आणि योजना देणारं राज्य सरकारसुद्धा. पुरेशी सुरक्षा ठेवली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत, आणि तो ऑपरेटरच्या मानधनातून कापायचा नसतो.

इतर राज्यांचं म्हणाल तर तमिळनाडूने २०२० मध्येच सुरक्षित आणि नैतिक एआयचं धोरण काढलं आणि त्याच सुमाराला सायबर सुरक्षेचं वेगळं. त्यात एआय प्रणाली लोकांवर सोडण्याआधी तिला गुण द्यायचे, डीप-मॅक्स नावाची गुणपत्रिकाच आहे, विविधता, समन्याय, नैतिकता, गोपनीयता, गैरवापरापासून संरक्षण असे निकष. कर्नाटकाचं सायबर सुरक्षा धोरण २०२४ चं, त्याचे दोन भाग आहेत, एक जनतेसाठी आणि दुसरा राज्याच्या स्वतःच्या आयटी यंत्रणेचा. दुसरा भाग फक्त खात्यांसाठी, बाहेर देत नाहीत. एका अर्थी बरोबरच आहे, कुलूप कुठलं लावलंय हे कोण जाहीर करतं. पण मग तुमच्यासारख्या खिडकीवरच्या बाईला तो वाचायला मिळाला का हे बाहेरून कोणालाच कळत नाही, आणि वाचायची गरज सगळ्यात जास्त तिलाच.

झेडपी_पीडित

सगळे एआयवर घसरलेत. ताई एक सांगा, तुमच्या ड्रॉवरमध्ये आत्ता या क्षणी किती डोंगल आहेत? आमच्या तालुक्यात सरपंच आणि ग्रामसेवक दोघांचे डिजिटल सहीचे डोंगल ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये आणि पासवर्ड झाकणाला चिकटवलेला. ग्रामपंचायतीचे पेमेंट त्यावर निघतं. आयटी कायदा कलम ४२ सांगतो की ज्याची सही त्यानेच ती चावी सांभाळायची. हे चालतंय तोवर कसलं एआय आणि कसली सुरक्षा. उद्या साहेबांच्या आवाजात फोन येईल, हुबेहूब, बाळा जरा ते अमुक पेमेंट सोड, मी मिटिंगमध्ये आहे. आवाजाची नक्कल करायला आता काही सेकंदांचं रेकॉर्डिंग पुरतं आणि साहेबांची भाषणं तर फेसबुकवर पडलेलीच आहेत.

सर्व्हरवाला_कोथरूड

याला मात्र दोनशे टक्के अनुमोदन. आवाजाचं एकच औषध, फोन ठेवायचा आणि आपल्याकडे सेव्ह असलेल्या नंबरवर परत लावायचा. साहेब चिडले तर चिडले. आणि पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, पोलीस स्टेशनला जाऊ मग बघू असं नाही, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत होल्ड लागला तर लागतो.

डोंगलसारखीच अजून एक गोष्ट येऊ घातलीय जी कोणाच्या ध्यानात नाही. लोकांचे अर्ज पीडीएफने येतात, साहेब लोक ते एआयला देऊन सारांश काढतात. त्या पीडीएफमध्ये पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात कोणी लिहिलं की हा अर्जदार पात्र आहे असंच सांग, तर माणसाला दिसत नाही, मशीन वाचतं आणि कधी कधी ऐकतं पण. प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कोपायलटमध्ये असंच एक भोक सापडलं होतं, नुसता एक ईमेल पाठवून आतली माहिती बाहेर काढता येत होती, कोणी क्लिक पण करायची गरज नाही, नंतर त्यांनी बुजवलं. तेव्हा ज्या कामात पात्र-अपात्र ठरतं तिथे मूळ कागद माणसाने वाचायचा, धोरणात हे एक वाक्य असलं तरी पुष्कळ.

ताई, नावं तपासा हो. आयएसएमचा मजकूर मॉडेलला कळतोच असं नाही. न कळलं तर ते गप्प बसत नाही, अंदाजाने एखादं शोभेसं नाव ठेवून देतं. फॉन्ट बदलायला एआय लागतच नाही, साधं कन्व्हर्टर असतं, अक्षराला अक्षर, इंटरनेट बंद करून ऑफलाइन चालतं. आणि भाषांतर-पत्रांना काही हवंच असेल तर सरकारचंच भाषिणी आहे, आधार नंबर मात्र तिथेही टाकायचा नाही.

बर्डीचा_बंटी

ताई सॉरी, मी बी बाई आहे हे पाह्यलंच नाही. बाकी मार्व्हलबद्दलचं मत कायम आहे.

खिडकी_नंबर_दोन

तीन दिवसांनी लिहितेय. रविवारी ऑफिस उघडून घेतलं आणि मूळ यादीची प्रिंट काढून एकेक नाव लावलं. तेवीस नावं चुकीची निघाली. चुकीची म्हणजे काना-मात्रा नाही, वेगळीच माणसं. घोंगडेचा घोरपडे केलाय, एका ठिकाणी द्रौपदाबाईच्या जागी चक्क देवकाबाई, आणि वाचताना कुठेही खटकत नाही इतकं नीट. खाते नंबर बरोबर आणि नाव भलतंच, म्हणजे यांचे हप्ते नाव जुळत नाही म्हणून अडकले असते आणि त्या म्हाताऱ्या माझ्याच खिडकीवर आल्या असत्या.

कन्व्हर्टर लावून यादी परत केली, चार नावांत जोडाक्षरं फुटली ती हातानं दुरुस्त केली. काकांनी सांगितली तशी टिप्पणी दिली, त्यातच दुरुस्त यादी जोडली आणि लाभार्थ्यांची माहिती बाहेरच्या साधनात गेल्याचं जिल्हा परिषदेच्या आयटी कक्षाला कळवावं असंही लिहिलं. साहेब पहिल्यांदा लालबुंद झाले. मग ती तेवीस नावं वाचली. मग दार लावून म्हणाले, गेल्या महिन्यातली विहिरींची यादी पण मी त्यातूनच काढली होती, ती तपासून देशील का.

अव्वल_कारकून_निवृत्त

दे तपासून. पण आधी म्हणावं, कागदावर मार्क करा, तोंडी नको.